मधली पट्टी

मंगळवार, रात्री साडेदहा

माशांच्या टाकीची मधली काचेची पट्टी बसली एकदाची. घरभर व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटलाय, आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय. काच चिकटवायचं हे सिलिकॉन वाळताना असा वास येतोच, वाळलं की जातो. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन मात्र माशांच्या टाकीत चालत नाही, म्हणून नळीवरचं सगळं वाचूनच घेतली होती.

टाकी चार फुटी, उंची-रुंदी दीड-दीड फूट. भरली की २४० लिटर. पुढच्या काचेवर पाण्याचा रेटा किती, ते कागदावर मांडून पाहिलं : सुमारे १२० किलो! खालून आणि दोन्ही बाजूंनी काच धरलेली असते, वरची कड मोकळी. ती मध्यावर फुगू नये म्हणून ही आडवी पट्टी पुढची-मागची काच बांधून ठेवते. तिचं एक टोक सुटलेलं दिसलं तेव्हा पोटात गोळाच आला. लगेच पाणी निम्म्यावर आणलं. पाण्याची उंची निम्मी झाली की रेटा निम्मा नाही, चौथाईवर येतो. त्या रात्री जरा झोप लागली ती या हिशेबामुळे.

पण लातूरकराच्या हातून टाकीभर पाणी मोरीत ओतवत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणीसुद्धा झाडांनाच जातं. वरचं नितळ पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं. तळाचं गाळाचं कढीपत्त्याला आणि जास्वंदीला, त्यांना ते खतच. मासे मागच्या खोलीत टबात आहेत. स्पंज फिल्टर त्यांच्यासोबतच चालू ठेवलाय, कारण घाण पचवणारे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजात असतात, पाण्यात फारसे नसतात.

खरं काम जुनं सिलिकॉन खरवडण्याचं. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं धड चिकटत नाही. ब्लेड आडवं धरून हळूहळू सोलत गेलो. शेवटी बोटाला लागेल न लागेल असा रबरी पापुद्रा उरतो, तोही काढायचा. मग अ‍ॅसिटोनने पुसून घेतलं. नव्या पट्टीचं माप कोपऱ्याजवळ घेतलं होतं. भरल्या टाकीत मध्यावर घेतलं असतं तर फुगवट्याएवढं जास्त आलं असतं. काचवाल्याने कडा छान घासून दिल्या.

शेजारचे सुतारकाका आपला लांब शिकंजा घेऊन आले. काचेला लाकडाच्या पट्ट्या लावून त्यांनी तो आवळला, नंतर माझा हात धरून म्हणाले, "बास, लई ताणू नगा. काच हाय ती." सांध्यात सिलिकॉनचा थर राहिला पाहिजे, सगळंच बाहेर पिळून निघालं तर धरणार काय? त्यांचा हात लाकडावरचा, पण अंदाज अगदी बरोबर.

आता वाट पाहायची. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत पक्कं होत जातं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवेत ओलावा असतो कुठे? म्हणून कूलर त्या खोलीत नेऊन लावलाय. नळीवर २४ तास लिहिलेत, तरी मी आठवडाभर हात लावणार नाही. मग आधी निम्मं पाणी, काचेला स्टीलची मोजपट्टी लावून फुगवटा बघायचा, एक रात्र जाऊ द्यायची आणि मगच ड्रम रिकामे करायचे.