उतारावरचं घर आणि रेव्हिटमधले जिन्याचे बाण

वेळणेश्वरला समुद्राच्या बाजूला उतरत्या जमिनीवर एका चिरेबंदी घराचं काम माझ्याकडे होतं. रस्ता वरच्या अंगाला, म्हणून दारही तिथेच. पडवी, माजघर, स्वयंपाकघर रस्त्याच्या पातळीला, निजायच्या खोल्या त्याखाली आणि डोक्यावर माळा. माजघराला लागून एकाच जागेत दोन जिने येतात: एक खाली उतरतो, दुसरा त्याच्याच डोक्यावरून माळ्यावर चढतो.

साइटवर पाठवायचा प्लॅन मी रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आधीच्या प्लॅनची साधी प्रत (‘डुप्लिकेट’) करून काढला होता. त्यात दरवाजे, भिंती, पायऱ्या सगळं आलं, पण बाण आले नाहीत. रेव्हिटमध्ये जिना हा मॉडेलचा भाग, पण त्याची दिशा दाखवणारा ‘स्टेअर पाथ’ ही त्या त्या व्ह्यूची, म्हणजे मॉडेलवरून काढलेल्या एकेका नकाशाची, खूण. ‘डुप्लिकेट विथ डिटेलिंग’ने व्ह्यू काढला तर अशा खुणा सोबत येतात. नाहीतर ‘ॲनोटेट’ टॅबवरून ‘स्टेअर पाथ’ घेऊन प्रत्येक जिन्यावर वेगळा लावावा लागतो. तो लावला, तर दोन्ही बाण चढाकडेच तोंड करून बसले. छापील कागद बघून मिस्त्रींनी विचारलं, “ताई, माळ्यावर जायचं कुठून नि खाली उतरायचं कुठून? दोन्ही बाण वरच चाललेत.”

प्रश्न अगदी नेमका होता. स्टेअर पाथचे दोन प्रकार असतात. ‘फिक्स्ड अप डायरेक्शन’मध्ये बाण नेहमी चढाची दिशा दाखवतो, प्लॅन कुठल्याही मजल्याचा असो. ‘ऑटोमॅटिक अप/डाउन डायरेक्शन’ त्या प्लॅनच्या मजल्यावर उभं राहून बघतो: तिथून चढणाऱ्याला वर, उतरणाऱ्याला खाली. ज्या मजल्यावरून दोन्हीकडे जाता येतं तिथे मला दुसराच प्रकार योग्य वाटतो. ‘सिलेक्ट’ करून टाइप बदलला आणि खालच्या जिन्याचा बाण फिरला.

तरी कागद स्पष्ट होईना. घराला छपरालगत झरोके आहेत. ते प्लॅनमध्ये दिसावेत म्हणून ‘व्ह्यू रेंज’मधला कट प्लेन (घर ज्या उंचीवर आडवं कापून प्लॅन दिसतो ती पातळी) २३०० मिमीवर नेलेला होता. माळ्याच्या जिन्याला १७५ मिमीच्या १८ चढपायऱ्या, एकूण ३१५० मिमी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरगुती जिन्याला १९० मिमीपर्यंतची चढपायरी चालते, त्यात हे बसतं. पण २३०० वर कापलं की जिना तेराव्या पायरीच्याही पुढे दिसतो आणि खालचा उतरता जिना त्याच्याआड जातो. नेहमीच्या १२०० वर कापलं तर सातव्या पायरीच्या आसपास कट मार्क (जिना कापल्याची खूण) येतो आणि त्याच्या पलीकडे खालचा जिना मोकळा होतो. म्हणून अख्ख्या प्लॅनचा कट परत १२०० वर आणला आणि फक्त झरोक्यांच्या भिंतीभोवती ‘प्लॅन रिजन’ (वेगळ्या उंचीवर कापायचा प्लॅनचा तुकडा) आखून तिथे २३०० ठेवला. मॉडेलला हात लावावा लागला नाही. कट मार्कच्या वरचा भाग तुटक रेषांनी उतरत्या पायऱ्यांवर येत होता. ‘व्हिजिबिलिटी/ग्राफिक्स’मध्ये जिन्यांचे ‘अबव्ह’ उपप्रकार बंद केले आणि तो गेला.

उरलं लिखाण. स्टेअर पाथच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अप टेक्स्ट’ आणि ‘डाउन टेक्स्ट’च्या जागी ‘वर’ आणि ‘खाली’ लिहिलं, देवनागरी नीट दाखवणारा फाँट लावला. मंजुरीच्या नकाशावर इंग्रजी अक्षरं राहू दिली, पण गवंड्याच्या हातातला कागद त्याच्या भाषेतच हवा, याबद्दल मी ठाम आहे. पावसाच्या तोंडावर चिऱ्याची भिंत उभी राहताना जिन्याची सुरुवात कुठून, हे विचारायला फोन लावत बसायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

व्ह्यू रेंज आणि ‘अबव्ह’ची मांडणी मी ‘व्ह्यू टेम्प्लेट’मध्ये (व्ह्यूच्या सेटिंग्जच्या साच्यात) ठेवली आहे. स्टेअर पाथ मात्र टेम्प्लेटमधून येत नाही. नवा प्लॅन काढला की बाण तपासूनच तो छापायच्या शीटवर टाकते.