फोटोत कळत नाही

४ जानेवारी २०२६, रविवार

“काकू, फोटोत काही फरक कळत नाही.” एवढंच म्हणाला तो फोटो काढणारा मुलगा, आणि तेही अगदी आदराने. कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. लिहून तरी बघते.

लेक-जावयांच्या संक्रांतीच्या फोटोंचं शूट अकरा तारखेला ठरलंय. संक्रांत बुधवारी, दोघांनाही त्या दिवशी रजा नाही, आणि चौदाला सकाळी फोटो टाकायचे तर ते आधी काढलेलेच हवेत. मी सुचवलं होतं की हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, यंदा ती २५ तारखेला आहे, रविवारच आहे, तेव्हा निवांत करू. लेक म्हणाली, “आई, तोवर सगळ्यांचे टाकून होतात गं.” सण यायच्या आधी सणाचे फोटो. मला ते पटलेलं नाही, पण असो. आज तो विषय नाही.

काल संध्याकाळी तो मुलगा फोनवर यादी सांगत होता. गच्चीवर पतंग आणि फिरकी घेऊन एक, तिळगूळ देतानाचा एक, झोपाळ्यावर दोघांचा, मग दागिन्यांचे जवळून. दागिन्यांशी आल्यावर म्हणाला की खरे हलव्याचे नकोतच. हल्ली तसेच दिसणारे मोत्यांचे, प्लॅस्टिकचे तयार सेट मिळतात. वाकलं, बसलं तरी मोडत नाहीत, उन्हात घाम आला तरी चिकट होत नाहीत, साडीला डाग नाही. आणि मग ते वाक्य. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तुझाही त्रास वाचेल.”

तेव्हा माझा हात हलव्याच्या परातीतच होता.

त्रास आहे, नाही कोण म्हणतंय. शेगडीत निखारे पेटवायचे, ते राखेने झाकायचे, वर परात. परातीत भाजलेली खसखस नाहीतर साबुदाणा. पाक आधी दुधाचे थेंब टाकून मळी काढून स्वच्छ केलेला, एकतारी, कोमट. तो चमचाभर सोडायचा आणि सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं, मग पुढचा चमचा. घाई केली की सगळ्याचा एक गोळा. आच जरा चढली की साखर पिवळी पडते आणि मग तो रंग परतत नाही. काटा पहिल्या दिवशी येतच नाही. पहिल्या दिवशी नुसतं पांढरं कवच चढतं, गुळगुळीत, आणि दरवर्षी वाटतं की यंदा काही जमणार नाही. मग थंडी पडलेल्या एखाद्या रात्री, हवा कोरडी असेल तर, दाण्यावर बारीक बारीक टोकं उभी राहायला लागतात. ढग आले की बसतात. डिसेंबर सुरू झाला की मी आकाशाकडे बघते ती याच्यासाठी.

बोटांची टोकं इतकी भाजलीत की मोबाईल माझा अंगठा ओळखत नाही. आकडे घालून उघडावा लागतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहितेय.

आणि एवढं करून कळत नाही. रात्री अंथरुणात हेच चाललं होतं. कुणासाठी करते मी हे? तिला त्रास वाटतो, त्याला फरक दिसत नाही, बघणारे बोटाने फोटो वर सरकवून पुढे जाणार. एवढ्या वर्षांत घरात कितीतरी गोष्टी अशाच केल्या, ज्या केल्याचं कुणाला कळलं नाही आणि नसत्या केल्या तरी कळलं नसतं. यांना उठवून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. ते म्हणाले असते, मग नको करूस. ते उत्तर मला नकोच होतं.

मग कोणतं हवं होतं? मला फोटोत यायचं नाहीये. माझं नाव तिथे लिहावं असंही नाही. मग ‘कळायला’ हवं म्हणजे नक्की काय आणि कुणाला?

पहाटे उठून कपाटातून माझा फोटो काढला. जानेवारी १९८९. स्टुडिओत नेऊन काढलेला, मागे रंगवलेला जिना, मी खांबाला हात लावून उभी. त्या वेळच्या रंगीत प्रिंटांचं होतं तसं त्याचंही झालंय, निळसर छटा उडाल्यात आणि सगळा फोटो तांबूस पडलाय. काळी चंद्रकळा विटकरी दिसते. हलव्याचे दागिने सासूबाईंनी केलेले: बिंदी, चिंचपेटी, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं. फ्लॅश समोरून मारलेला, त्यामुळे त्या दागिन्यांचे नुसते फिकट गुलाबी ठिपके झालेत. मी भिंग लावून बघितलं. काटा नाहीच. तिथे मोती असते तरी हाच फोटो आला असता. म्हणजे तो मुलगा खोटं बोलला नाही.

पण मला त्यातला एकेक दागिना आठवतो. चिंचपेटीत मधोमध लवंगेवरचा हलवा होता. मान वळवली की लवंगेचा वास यायचा, आणि दिवसभर गळ्याला काटा लागत होता, मांजराची जीभ लागते तसा. संध्याकाळी बायका जमल्या तेव्हा एकीने चिमटीत धरून विचारलं होतं, घरचा का? सासूबाई आतून म्हणाल्या, “घरचाच.” त्या आवाजात काय होतं ते मला काल रात्री समजलं. त्यांच्या बोटांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. फोटोत तर त्या नाहीतच.

त्यांच्याबद्दल आणखी लिहायला हवं. आज नाही.

सकाळी परात उचलून गॅलरीच्या दारापाशी ठेवली, पुढचा हात चढवायचा म्हणून. नुकतंच ऊन आलं होतं. जानेवारीत सूर्य खाली असतो, दक्षिणेकडे सरकलेला, आमच्याकडे ऊन अगदी आडवं येऊन आतल्या भिंतीपर्यंत जातं. मी खाली बघितलं आणि बघतच राहिले. प्रत्येक दाण्याचा प्रत्येक काटा सुटा दिसत होता. एका बाजूने लखलखीत, दुसऱ्या बाजूला केसाएवढी सावली. साबुदाण्यावरच्या दाण्यांचे काटे जरा बोथट, खसखशीवरचे बारीक आणि दाट. दोन दाणे वेगवेगळ्या दिवशी केलेले असतील तर तेही ओळखू येत होतं.

मोबाईलने समोरून फ्लॅश टाकून काढला: गुळगुळीत मोती. फ्लॅश बंद करून, ऊन बाजूने घेऊन काढला: काटा. दोन्ही त्या मुलाला पाठवले, खाली काही लिहिलं नाही.

तासाभराने त्याचा फोन. त्याला वाईट वाटलं असेल का, हा विचार माझ्या मनात आला होता, पण तो निराळ्याच उत्साहात होता. म्हणाला, “काकू, हा प्रकाश कुठल्या खिडकीचा?” मग बराच वेळ तो बोलला आणि मी ऐकलं. काळी साडी आणि पांढरा हलवा एकत्र घेणं फार अवघड असतं म्हणे. कॅमेऱ्याला आपलं सोडून दिलं तर तो सगळ्याची सरासरी राखाडी धरतो, चौकटीत काळं जास्त असलं की उजेड वाढवतो. मग साडी राखेच्या रंगाची दिसते आणि हलव्यातली पांढरी साखर जळून नुसता डाग उरतो. त्यामुळे मोजमाप पांढऱ्यावर घ्यायचं आणि काळं काळंच राहू द्यायचं. फ्लॅश नको, तोंडासमोर धरायचा तो गोल दिवाही नको, कारण समोरचा प्रकाश सावल्या खातो आणि सावली गेली की काटा गेला. प्रकाश एका बाजूने, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल, म्हणजे चेहऱ्याची ती बाजू काळवंडत नाही. हे सगळं त्याला ठाऊकच होतं. हलवा त्याने जवळून कधी बघितला नव्हता. त्याच्या घरी आणतात तो रंगीत, गुळगुळीत, पुडीतला.

“मग सकाळी करावं लागेल,” म्हणाला. “साडेसात ते नऊ. नंतर ऊन वर जाईल.”

मला एकदम बरं वाटलं, इतकं की मीच चकित झाले. रात्रभर जे घोळत होतं त्याचं उत्तर काही मिळालेलं नव्हतं, तरीही.

लेकीला सांगितलं तर आधी कुरकुर. रविवारी सकाळी साडेसातला नऊवारी नेसून तयार म्हणजे पाचला उठा. मग फोटो बघितला. बराच वेळ मोबाईलवर बोटांनी मोठा करून बघत होती. म्हणाली, “हे तू कधी केलंस?” आणि माझा हात हातात घेऊन बोटं बघितली. मी हात काढून घेतला, दूध वर आलं होतं.

आता असं ठरलंय. खिडकीशी जवळचे आणि दोघांचे फोटो खऱ्या हलव्याचे. गच्चीवर पतंगाचे घेताना ती तयार सेट घालणार. काल हे ऐकून मला लागलं असतं, आज नाही लागत. फिरकी धरून मांजा ओढायचा तर कंबरपट्टा पहिल्याच हिसक्याला जायचा. हलव्याला भोक पाडता येत नाही, फुटतो तो. दोऱ्याचा फास करून एकेक दाणा आवळावा लागतो आणि एक सुटला की त्याच्या शेजारचे सुटतात. तिला हसायचंय, पळायचंय, जावयांच्या खांद्यावर रेलायचंय. साखर अंगावर घेऊन ते होत नाही. माझ्या १९८९ च्या फोटोत मी ताठ उभी आहे त्याचं कारणही तेच आहे. पडू दे तिच्या फोटोत तिला हवं ते.

खरे दागिने ती बुधवारी सासरच्या हळदीकुंकवाला घालेलच. तिथे ना खिडकीचं ऊन, ना थर्माकोल, नुसती ट्यूब. कुणीतरी चिमटीत धरून विचारेल. किंवा नाही विचारणार. विचारलं तर विहीणबाई काय सांगतील कोण जाणे. आणि पुढच्या आठवड्यात पोरं दोरे तोडून सगळे दागिने खाऊन टाकतील. माझेही तसेच खाल्ले होते, लवंगेचे तेवढे नणंदेने वेचून ठेवले होते.

कळत नाही म्हणाला ते अजून टोचतंय थोडं. पूर्ण गेलंय असं नाही लिहिणार.

हार झाला, बाजूबंद झाले, चिंचपेटी झाली. मंगळसूत्राला काळे मणी लावायचेत. जावयांचा हार आणि नारळ राहिलेत. कंबरपट्ट्याला मोठा दाणा लागतो, तो साबुदाण्यावरचा निम्माही झालेला नाही, आणि आज रात्री थंडी बरी आहे. थोडा लवंगेवरचा वेगळा करायला घेतलाय, चिंचपेटीत मध्ये बसेल एवढाच.

विहीणबाईंना फोन करायचाय. चंद्रकळा त्यांच्याकडे आहे, तिचा काठ धुवट दिसू नये म्हणून इस्त्री करून ठेवायला हवी, आणि अकराला सकाळी लेक तिथूनच निघणार की शनिवारी रात्री इकडे येऊन राहणार तेही विचारायचंय. लेक म्हणाली मी सांगते. ती विसरेल. मीच करते.