अमेरिकेला निघताना: आधी बँक, मग केवायसी, मग डीमॅट

नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, दृष्टीने तुम्ही त्या दिवसापासूनच अनिवासी. आयकराचं गणित वेगळं, ते दिवसांवर चालतं. नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला 182 दिवसांची मर्यादा आहे. 28 सप्टेंबरला विमान पकडलं तर 1 एप्रिलपासून 181 दिवस भरतात आणि ते अख्खं आर्थिक वर्ष अनिवासी म्हणून धरता येतं. मार्चच्या आत सुट्टीवर आलात तर तेही दिवस मोजले जातात, हे विसरू नका.

पहिलं काम बचत खात्याचं. ते एनआरओ करून घ्यायचं आणि सोबत एक एनआरई उघडायचं; ही दोन्ही अनिवासींसाठीची बँक खाती. भाडं, लाभांश असं इथलं उत्पन्न एनआरओत, तिकडचा पगार एनआरईत. एनआरईचे पैसे कधीही परत नेता येतात, एनआरओतून आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत, तेही कर भरल्याचे कागद दाखवून. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस आणि वर उपकर कापला जातो, त्यामुळे मोठी एफडी तिथे ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

बँकेनंतर केवायसीत स्थिती 'अनिवासी' करायची, मग एनआरओशी जोडलेलं नवं डीमॅट. हा क्रम उलटा केला की अर्ज परत येतो, कारण पुढच्या प्रत्येक ठिकाणी बदललेल्या बँक खात्याचा पुरावा मागतात. जुने शेअर विकायची गरज नसते. डीआयएस स्लिप (शेअर दुसऱ्या डीमॅटमध्ये पाठवायचा फॉर्म) भरून ते नव्या डीमॅटमध्ये वळवता येतात आणि त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र तारण ठेवलेले शेअर आधी सोडवावे लागतात, आणि संयुक्त डीमॅट असेल तर नावांचा क्रम दोन्हीकडे तोच हवा. खाते क्रमांक बदलला असेल तर एसआयपी आणि विम्याच्या हप्त्याचे मॅंडेट (खात्यातून पैसे आपोआप कापायची परवानगी) नव्याने द्या, नाहीतर पहिलाच हप्ता बाउन्स होईल.

खरी गोम म्युच्युअल फंडांत आहे. अमेरिकेचं करखातं भारतीय फंडांना 'पीएफआयसी', म्हणजे निष्क्रिय उत्पन्नावर चालणारी परदेशी गुंतवणूक कंपनी, मानतं. विकताना झालेला नफा मागच्या वर्षांत वाटून त्यावर सर्वोच्च दराने कर आणि वर व्याज लावलं जातं, शिवाय दर फंडामागे त्याची माहिती देणारा फॉर्म 8621. तुम्ही तिथे करदृष्ट्या रहिवासी होण्याआधीच्या वाढीलाही आपोआप सूट मिळत नाही. म्हणून बरीच वर्षं तिकडे राहायचं नक्की असेल तर निघण्याआधी फंड विकलेले बरे. इथे इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर 1.25 लाखांपुढे 12.5 टक्के, एवढ्यावर सुटका होते. थेट घेतलेल्या साध्या कंपन्यांच्या शेअरना सहसा ही कटकट नाही. दुबई-सिंगापूरला जाणाऱ्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, 15 वर्षांनंतर पाच-पाच वर्षांची वाढ मात्र मिळत नाही. नवं खातंही उघडता येत नाही. पीपीएफ आणि एनआरईचं व्याज इथे करमुक्त असलं तरी अमेरिकेच्या रिटर्नमध्ये ते दाखवावं लागतं.

आणि एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरवर गेली तरी तो भरायचा. आईबाबांच्या एफडीत सोय म्हणून तुमचं दुसरं नाव घातलेलं असतं ना, ती एफडीही या बेरजेत पूर्ण धरली जाते.