फ्लिंटलॉकची नोंद : दस्ता रंगला, लॉक जुळलं, आणि ‘नव्या’ चकमकीवरून क्लबात रंगलेला वाद

मंडळी, मी किटमधून जोडत असलेल्या फ्लिंटलॉक रायफलीच्या, म्हणजे चकमकीच्या दगडाने बार उडवणाऱ्या ठासणीच्या बंदुकीच्या, लाकडी दस्त्याचं काम एकदाचं संपलं. कर्ली मेपलवर ॲक्वा फोर्टिस लावलं, म्हणजे नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं पाणी. ते वाळल्यावर हीट गन फिरवली की लाकूड आधी मळकट हिरवं दिसतं आणि मग बघता बघता तांबूस तपकिरी होतं, आडव्या लहरी उठून येतात. उरलेलं आम्ल मारायला सोड्याचं पाणी, मग जवसाच्या तेलाचे पातळ हात. प्रत्येक हात पुरता वाळू द्या, घाई केली की चिकटपणा राहतो. नळीला पॉलिश नको होतं, म्हणून मुद्दाम गंज चढवून, जाड कापडाने घासून, पुन्हा चढवून तपकिरी केली. पेन्सिल्व्हेनियातल्या ऑगस्टच्या दमट हवेत हे काम छान होतं.

किट ओहायोच्या जिम किब्लर यांचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : दस्ता संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेला येतो, नळीची खाच, लॉकची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, खाच, चापाची जागा, सगळं जवळजवळ बसलेलं. लॉकचे भागही ओतीव नाहीत, पोलादातून यंत्रावर कापलेले. मात्र आकार अठराव्या शतकातल्या अमेरिकन लाँग रायफलीचा, आणि घाट इतका नेमका की हातात घेतल्यावर तोल लगेच कळतो.

आता वादाकडे येतो, कारण या वेळी त्याबद्दलच जास्त लिहायचं आहे.

आमच्या क्लबात ठासणीची बंदूक चालवणारे जुने लोक बरेच आहेत. काहींनी पहिली रायफल स्वतः लाकडाच्या ओंडक्यातून काढली, खाचा छिन्नीने केल्या. माझं किट पाहून ते नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांतल्या सर्वांत जुन्या गृहस्थांनी लॉक उघडून घोडा धरून ठेवणारे आणि सोडणारे आतले भाग (टंबलर, सिअर) आणि मुख्य स्प्रिंग पाहिली, घोडा अंगठ्याने हळू चढवला, आणि एवढंच विचारलं : “पट्टीची स्प्रिंग आहे ना?” गुंडाळीची नाही, जुन्या पद्धतीची चपट्या पट्टीची आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. दस्ता यंत्राने कोरला की हाताने, याचं त्यांना फारसं नव्हतं.

त्याच दिवशी दुसऱ्या एका सभासदाने नव्या पद्धतीची फ्लिंटलॉक आणली होती. काळा प्लास्टिकचा दस्ता, नेम धरायला चमकणाऱ्या फायबरच्या माश्या, मागून काढता येणारा ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच), नळीत १:२८ चा, म्हणजे २८ इंचांत एक फेरा घेणारा, पीळ आणि दारूच्या तयार वड्या वापरायची सोय. तिच्याभोवती मात्र चांगलीच खडाजंगी झाली. “ही इनलाइन आहे, फक्त बाजूला दगड लावलाय,” असं एकाने सुनावलं. इनलाइन म्हणजे ठोक्याने पेटणारी छोटी टोपी, म्हणजे केप, नळीच्या थेट मागे बसवलेली आधुनिक ठासणीची बंदूक.

ही रायफल अशी का झाली, हे समजायला पेन्सिल्व्हेनियाचा हंगाम माहीत हवा. इथे १९७४ पासून हरणांचा खास फ्लिंटलॉक हंगाम असतो. आता तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन जानेवारीत संपतो. त्यात केपाची बंदूक चालत नाही, इनलाइन चालत नाही, चकमकच हवी. इनलाइन रायफली १९८५ मध्ये मिझूरीच्या टोनी नाइट यांच्या एमके-८५ नंतर देशभर पसरल्या, आणि बहुतेक राज्यांच्या ‘ठासणी’ हंगामांत त्यांनीच जागा घेतली. इथल्या नाताळनंतरच्या हंगामात त्यांना दार बंद होतं. मग काही कंपन्यांनी इनलाइनचेच गुण घेतले आणि त्यांना चकमकीचं लॉक जोडलं. नियमाने जी फट ठेवली होती तिच्या मापाची बंदूक तयार झाली. जुन्या लोकांचा राग मुख्यतः यावर आहे. हा हंगाम मागून घेतला तो जुन्या पद्धतीने शिकार करता यावी म्हणून, आणि त्यात सोयीचा माल शिरला, असं त्यांना वाटतं. त्यांचं दुःख मला पटतं.

तरीही मी ती रायफल मागून घेतली आणि शांतपणे चालवून पाहिली, कारण चालवल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

फ्लिंटलॉकमध्ये काय घडतं ते आपल्याला ठाऊक आहे, पण वादाचं मूळ तिथेच आहे म्हणून पुन्हा मांडतो. घोड्यातला दगड फ्रिझनचं, म्हणजे समोर उभ्या पट्टीचं, पोलाद खरवडतो. ठिणग्या दगडाच्या नसतात, त्या खरवडून निघालेल्या, पेटलेल्या पोलादाच्या कणांच्या असतात. त्या पॅनमधल्या (लॉकवरच्या छोट्या वाटीतल्या) रंजकावर, म्हणजे पेट घेण्यासाठी ठेवलेल्या बारीक दारूवर, पडतात, रंजक भडकतं, आणि त्याची आच नळीच्या बाजूच्या छिद्रातून आत जाऊन नळीतली दारू पेटवते. चार टप्पे, आणि प्रत्येकात उशीर व्हायची शक्यता. सगळं नीट जुळलं असेल तर कानाला एकच आवाज येतो. जुळलं नसेल तर खट्, फुस्स आणि धडाम असे तीन वेगळे ऐकू येतात, आणि तेवढ्यात नेम हलतो.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. छिद्राच्या आतल्या तोंडाशी सुटी, बारीक दारू अगदी टेकून बसलेली हवी. म्हणून छिद्राच्या जागी आतून शंकूसारखं कोरलेलं लायनर (छोटं अस्तर) बसवतात, म्हणजे दारू पॅनच्या आणखी जवळ येते. मी १/१६ इंचाचं छिद्र ठेवलंय. काही जण ते ५/६४ पर्यंत मोठं करतात, पण मला अजून गरज वाटलेली नाही. आता इथे सुट्या दारूच्या जागी घट्ट दाबलेली वडी ठेवा. ही वडी पायरोडेक्सची, म्हणजे काळ्या दारूऐवजी वापरायच्या मिश्रणाची असते, आणि त्याला पेटायला काळ्या दारूपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून वडीच्या एका टोकाला काळ्या दारूचा पातळ थर दिलेला असतो. इनलाइनमध्ये केपाची आग थेट त्या टोकावर आदळते. फ्लिंटलॉकमध्ये बाजूच्या छिद्रातून येणारी आच त्यामानाने दुबळी. त्या रायफलीत वडी घालून बार काढला तेव्हा रंजक आणि बार यांच्यात जो विलंब झाला, तो कुणालाही ऐकू आला असता. तिच्यातच सुटी थ्री-एफ (बारीक दाण्याची) काळी दारू घातली, आणि तीच रायफल सुधारली! लॉक तेच, दगड तोच.

म्हणून माझं मत असं झालंय : जुन्या लोकांचा विरोध निव्वळ भावनेचा नाही, त्यात यंत्रशास्त्र आहे. ज्या सुधारणेने दगडापासून दारूपर्यंतची वाट आखूड आणि भरवशाची होते, ती त्यांनी कधीच नाकारली नाही. जी सुधारणा ठासण्याचे कष्ट वाचवायला त्या वाटेत अडथळा आणते, ती त्यांना खुपते. यंत्राने कोरलेलं किट त्यांना चालतं आणि वडी चालत नाही, हे वरवर विसंगत दिसेल. मला आता ते पूर्ण सुसंगत वाटतं.

इतिहासही याच बाजूने बोलतो. फ्लिंटलॉक तिच्या ऐन काळातही बदलतच होती. लंडनच्या हेन्री नॉक यांनी १७८७ मध्ये आपल्या नव्या ब्रीचचं (नळीच्या मागच्या भागाचं) पेटंट घेतलं, ते बार लवकर पेटावा म्हणून. इंग्लिश कारागिरांनी छिद्राला सोन्याचं, पुढे प्लॅटिनमचं अस्तर दिलं, फ्रिझनच्या स्प्रिंगला रोलर लावला, पॅन पावसात टिकेल असे घडवले. या सगळ्यावर १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याच्या, ठोक्याने पेटणाऱ्या मिश्रणाच्या पेटंटाने मात केली. रंजकाचा भडका पाहून पाखरं उडतात, ही त्याची तक्रार होती. आपल्याकडेही हा प्रश्न नवा नव्हता. महादजी शिंद्यांच्या कंपूंत त्यांचा युरोपीय सेनानी द ब्वान्य याने चकमकीच्या बंदुका आणल्या, तेव्हा हिंदुस्थानातल्या बऱ्याच देशी फौजांत तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी, बंदूकच चालत होती, आणि पुढेही बराच काळ चालत राहिली. तोडा पेटता असला की बार होतोच, दगड मात्र कधी दगा देईल सांगता येत नाही, हा तोडेवाल्यांचा मुद्दा काही खोटा नव्हता.

नव्या रायफलीतलं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. फायबरच्या माशीवरून एक सत्तरीचे सभासद फार मनापासून बोलले. पहाटेच्या उजेडात त्यांना पितळेची पातळ माशी दिसतच नाही. ती दिसली नाही तर हरीण जखमी होऊन पळणार, आणि ते त्यांना नको आहे. त्यावर कुणी वाद घातला नाही, मीही घालणार नाही. काढता येणारा प्लगही दारू न घालता गोळी ठासली गेली तर कामाला येतो. पण तो आहे म्हणून नळी धुणं सोपं होतं, हे मला तितकंसं पटत नाही. गरम पाणी, चिंधी आणि गज यांनी पुढून नळी स्वच्छ होते, आणि प्लगच्या आट्यांत काजळी अडकायचा प्रश्नच येत नाही.

गुंडाळीच्या स्प्रिंगबद्दल जुने लोक जितके कडवट आहेत तितका मी नाही. १९७० पासून विकल्या गेलेल्या थॉम्प्सन/सेंटर हॉकनच्या लॉकमध्ये गुंडाळीचीच स्प्रिंग होती, आणि त्या रायफलीने हजारो लोकांना या छंदात आणलं. पट्टीच्या स्प्रिंगची चाल मात्र वेगळीच. घोडा चढवताना अंगठ्याखाली जोर ज्या रीतीने बदलत जातो, ते एकदा अनुभवलं की गुंडाळी नको वाटते.

माझ्या लॉकची सध्याची स्थिती : फ्रिझनची स्प्रिंग थोडी हलकी केली आहे, कारण ती कडक असली की दगड लवकर झिजतात. दगड इंग्लंडच्या ब्रँडनकडचा काळा, चामड्यात गुंडाळलेला, धार वरच्या बाजूने. घोडा अर्धा चढवल्यावर तो फ्रिझनला न टेकता अगदी जवळ उभा राहतो. धार बोथट झाली की घोड्यातच ठेवून पितळेच्या छोट्या दांड्याने टवके काढतो. ठिणग्या पॅनच्या मध्यावर पडतात, हे अंधाऱ्या खोलीत, बंदूक पूर्ण रिकामी ठेवून, फोनच्या स्लो मोशनवर तपासलं. रंजक म्हणून फोर-एफ (थ्री-एफहून बारीक दारू) घालतो, पॅन गच्च भरत नाही, आणि छिद्र रंजकाने बुजू देत नाही. बुजलं की आच आत जाण्याऐवजी आधी रंजक वातीसारखं जळत बसतं.

आमच्या चिपळूणकडच्या मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, केपाची. दारूचं माप, चिंधी, गज किती जोराने मारायचा, हे सगळं मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो. इथल्या लोकांना ते सांगितल्यावर त्यांनी मला मामांबद्दल इतके प्रश्न विचारले की नव्या रायफलीचा वाद तेवढ्यापुरता बाजूला पडला.

पुढचं काम : ०.४९० इंचाची गोळी, ०.०१५ आणि ०.०१८ इंच जाडीच्या पॅचची (गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाची) तुलना, आणि ६० ग्रेन (दारू मोजायचं छोटं माप) थ्री-एफपासून पाच-पाच ग्रेनने वर जात कोणत्या मापाला गोळ्या एका जागी बसतात ते पाहणं. प्रत्येक बारानंतरचे पॅच उचलून ठेवणार आहे. कडा जळल्या आहेत की मधे भोक पडलंय, त्यावरून पुष्कळ कळतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात जुनी चकमकीची बंदूक असेल, तर लॉकच्या आतल्या बाजूचा फोटो आणि मुख्य स्प्रिंगची लांबी जरूर कळवा.