ग्रानोंच्या माथ्यावर जागा धरू नका: टूर द फ्रान्सच्या आल्प्समधील दोन टप्प्यांचा वृत्तांत

डोंगरी टप्पा पाहायचा असेल तर शेवटच्या चढावर, शक्य तितक्या माथ्याजवळ जागा धरावी, असा सल्ला टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाहायला निघालेल्या प्रत्येकाला मिळतो, आणि तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शर्यत दूरचित्रवाणीवरच पाहिलेली असते. 2022 च्या टूरमधील अकराव्या टप्प्यासाठी, म्हणजे 13 जुलैच्या आल्बेरविल ते कोल द्यु ग्रानों (ग्रानों घाट) या टप्प्यासाठी, आम्हीही तो ऐकला. सायकलपटूंचे चेहरे जवळून पाहणे एवढाच हेतू असेल तर सल्ला ठीक आहे. संघांचे डावपेच आणि दोन प्रतिस्पर्ध्यांमधील झुंज उलगडताना पाहायची असेल, तर तो साफ दिशाभूल करणारा आहे.

त्या दिवशीची शर्यत ग्रानोंवर संपली; ठरली मात्र गॅलिबिए घाटावर. सकाळी एकूण क्रमवारीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी तादेइ पोगाचारच्या अंगावर होती आणि योनास विंगेगार्ड त्याच्यापासून 39 सेकंद मागे होता. कोविडमुळे जॉर्ज बेनेट आणि वेगार स्टाके लेंगन बाहेर पडल्याने पोगाचारचा संघ आधीच तोकडा झाला होता. याउलट यंबो-विस्मा संघाकडे विंगेगार्ड आणि प्रिमोझ रॉग्लिच असे दोन मोहरे शिल्लक होते. गॅलिबिएच्या आधीच्या तेलेग्राफ घाटाचा चढ संपत आला आणि अंतिम रेषा साठाहून अधिक किलोमीटर दूर असतानाच त्यांनी आळीपाळीने हल्ले सुरू केले. एकाने वेग वाढवायचा, पोगाचारने दम खर्चून त्याला गाठायचे, आणि तो श्वास घेतो न घेतो तोच दुसऱ्याने निघायचे. रॉग्लिच खांदा निखळलेल्या अपघातातून सावरत होता आणि एकूण क्रमवारीत दोन मिनिटांहून अधिक मागे होता, तरी त्याला सुटू देणे पोगाचारला परवडणारे नव्हते. डावाचे सगळे बळ याच पेचात होते. पोगाचारने प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिले, गॅलिबिएवर उलट स्वतःच वेग वाढवून दाखवला, आणि त्याची किंमत ग्रानोंवर मोजली. यांपैकी एकही गोष्ट आम्हाला दिसली नाही, कारण त्या वेळी आम्ही ग्रानोंच्या कडेला उन्हात बसून होतो.

तिथे पोहोचण्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण त्यात पुढच्यांचे पैसे वाचतील. तोरिनोहून रेल्वेने ऊल्क्सला उतरून ब्रियाँसोंला बसने जाता येते. हा सरळ मार्ग सोडून आम्ही एका खासगी व्हॅनवाल्याशी माणशी ऐंशी युरोंत सौदा केला, तो केवळ 'घाटाच्या वरच्या भागापर्यंत सोडतो' या त्याच्या शब्दावर. त्याने आम्हाला साँ-शाफ्रेच्या अलीकडे, पोलिसांच्या अडथळ्याशी उतरवले आणि वर गाड्यांना बंदी आहे हे जणू त्यालाही तिथेच कळले, असा चेहरा केला. शर्यतीच्या दिवशी अशा अरुंद घाटात गाडी वर जाईल असे जो कोणी सांगेल, त्याला आगाऊ एक युरोही देऊ नये.

ग्रानोंचा चढ 11.3 किलोमीटरचा, सरासरी 9.2 टक्क्यांचा आहे आणि माथा 2,413 मीटरवर आहे. सिंहगडाचा गाडीरस्ता सायकलने नेहमी चढणाऱ्याला असा चढ नवा नाही. उंची आणि सावलीचा अभाव मात्र नवा आहे. खालच्या भागातील झाडी संपली की उघडे माळ लागतात, आणि जुलैतल्या त्या उष्ण लाटेत दुपारी एक ते पाच तिथे काढणे ही शिक्षा होती. वाटेत एका ठिकाणी अर्ध्या लिटरचे पाणी पाच युरोंना विकले जात होते आणि लोक रांग लावून घेत होते. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. मोबाइलवर विसंबू नये, कारण एकाच डोंगरावर हजारो लोक एकच थेट प्रक्षेपण उघडू पाहतात तेव्हा ते कोणालाच दिसत नाही. आमच्या शेजारच्या फ्रेंच कुटुंबाकडे बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ होता. गॅलिबिएवर चाललेल्या हल्ल्यांची वार्ता आम्हाला त्या रेडिओवरून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बोटांवर मोजलेल्या सेकंदांत मिळाली. फ्रेंच आकडे शंभरापर्यंत पाठ करून जावे आणि असा रेडिओ विकत घ्यावा. संपूर्ण प्रवासात याहून उपयोगी वस्तू दुसरी नाही.

माथ्यापासून तीनेक किलोमीटर अलीकडे उभे राहून जे दिसले, ते मात्र विसरता येणार नाही. विंगेगार्ड एकटा आला, खांदे जवळजवळ स्थिर, तोंड किंचित उघडे, आणि डावीउजवीकडे न पाहता निघून गेला. मागून किंताना आणि बार्दे आले. पोगाचारला आम्ही शोधत राहिलो, आणि तो दिसला तेव्हा त्याच्या पिवळ्या जर्सीची चेन खालपर्यंत उघडी होती, जर्सीचे दोन्ही पदर वाऱ्यावर फडफडत होते आणि त्याची नजर पुढच्या चाकाच्या पलीकडे जात नव्हती. अंतिम रेषेवर तो सातवा आला, 2 मिनिटे 51 सेकंद मागे. 1986 मध्ये याच घाटावर बर्नार इनोच्या अंगावरची पिवळी जर्सी त्याच्याच संघातील ग्रेग लेमाँडकडे गेली होती आणि त्यानंतर टूर इथे पुन्हा आली ती थेट 2022 मध्ये, हे शेजारच्या आजोबांनी आम्हाला किमान चार वेळा सांगितले. त्या वर्षी एकाच संघातील दोघे एकमेकांविरुद्ध होते आणि 2022 मध्ये एकाच संघातील दोघे मिळून तिसऱ्याविरुद्ध. हा फरक कळला की यंबो-विस्माचा डाव किती दुर्मिळ शिस्तीचा होता हे लक्षात येते. इनोच्या जागी रॉग्लिचला ठेवून पाहावे. त्याने स्वतःची क्रमवारी उधळून दिली आणि तक्रार केली नाही.

या प्रवासातील सर्वांत वाईट भाग ग्रानोंवरून खाली उतरण्याचा होता, आणि त्याविषयी आधी कोणीही अवाक्षर काढले नव्हते. ग्रानों हा जुना लष्करी रस्ता आहे; डांबर फक्त गिझान खोऱ्याच्या, म्हणजे शर्यत चढली त्या बाजूने आहे आणि पलीकडे खडी. त्यामुळे प्रेक्षक, सायकली, संघांच्या गाड्या, पोलीस आणि सामान नेणारी वाहने, सगळे एकाच चिंचोळ्या रस्त्याने परततात. शेवटचा सायकलपटू आणि त्यामागची गाडी वर गेल्याशिवाय पोलीस कोणाला रस्त्यावर पाऊल टाकू देत नाहीत, आणि मोकळीक मिळाली की सगळा डोंगर एकदम खाली वाहू लागतो. त्याच गर्दीतून, अंगात जाकीट आणि तोंडात शिट्टी अशा अवस्थेत, शर्यत संपवलेले सायकलपटूही आपल्या बसगाड्यांकडे उतरत असतात. शिट्टी ऐकू आली की कडेला उडी मारायची, पुन्हा रस्त्यावर यायचे, पुन्हा उडी. त्यात सूर्य डोंगराआड गेल्याबरोबर घामाने भिजलेल्या कपड्यांत थंडी भरली. गुडघे कमकुवत असणाऱ्यांनी हा उतार पायी करू नये, हे मी शब्द जपून वापरून लिहीत आहे. पावसाळी जाकीट, कपाळावर बांधायचा दिवा आणि रात्री उशिरा खाता येईल असे काहीतरी जवळ हवे, कारण खाली पोहोचेपर्यंत उपाहारगृहांची स्वयंपाकघरे बंद झालेली असतात.

मग उभे कुठे राहावे? माझे मत स्पष्ट आहे: शेवटच्या आधीच्या घाटावर. त्या वर्षी ती जागा वालवार गावाच्या वर, प्लाँ लाशापासून पुढचा गॅलिबिएचा चढ ही होती. रस्ता तिथे वळणे घेत उघड्या डोंगरावर चढतो, त्यामुळे एकाच ठिकाणाहून बराच वेळ शर्यत दिसत राहते आणि कोण कोणाच्या चाकामागे लपला आहे, कोणाकडे साथीदार उरले आहेत, हे डोळ्यांनी मोजता येते. मोटारसायकलवर बसून पाटीवर वेळेचा फरक लिहून दाखवणारी व्यक्ती तिथे जवळून जाते. ती पाटी चुकवू नये. शिवाय दुसऱ्या दिवशीचा टप्पा ब्रियाँसोंहून निघून लोतारे खिंडीमार्गे पुन्हा गॅलिबिएच चढणार होता, तेव्हा या परिसरात मुक्काम करणाऱ्याला एका खोलीच्या भाड्यात दोन टप्पे मिळाले असते. मार्ग आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो. तेव्हाच नकाशा उघडून सलग दोन दिवस शर्यत कुठल्या घाटाजवळून जाते हे पाहावे आणि खोली त्याच आठवड्यात राखून ठेवावी.

दुसऱ्या दिवशीचा टप्पा जिथे संपला, त्या अल्प द्युएझविषयी चारच ओळी. 14 जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय सण, 21 वळणे, वरून मोजत आल्यास सातव्या वळणावर डच लोकांची केशरी धुराने भरलेली जत्रा आणि कानठळ्या बसवणारे संगीत. टॉम पिडकॉक जिंकला, पोगाचारने शेवटच्या भागात विंगेगार्डला मागे टाकण्याचा प्रयत्न केला आणि दोघे एकत्रच वर पोहोचले. झुंज समजून घेण्याच्या दृष्टीने ही जागा निरुपयोगी आहे, कारण माणसांच्या भिंतीतून एका वेळी एकच सायकल दिसते आणि तीही दोन सेकंद. उत्सवासाठी जरूर जावे. त्यासाठी सातव्या वळणापासून दूर, खालच्या वळणांवर थांबावे, म्हणजे संध्याकाळी ल बूर-द्वाझाँपर्यंत पायी उतरणे सुसह्य होते. त्याच रात्रीच्या परतीच्या गाडीचे तिकीट मात्र काढू नये. आमच्यासोबतच्या दोघांनी काढले होते, आणि गाडी ग्रनोबलहून सुटली तेव्हा ते अजून तेराव्या वळणावर होते.