टेकणारा पाय

अमेरिकेतल्या बफेलोत फिजिओथेरपी करायला लागून मला नऊ वर्षं झाली. गेल्या जानेवारीत काठी टेकत एक पेशंट आला. फॉर्मवर लिहिलं होतं: पूर्वी अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर आणि पंटर, उजव्या पायाचा, तक्रार खुब्याची. मी सरळ उजवा खुबा तपासायला घेतला. त्यानं माझा हात धरून डाव्यावर ठेवला.

"मारणारा पाय ठणठणीत आहे. टेकणारा गेलाय."

मला माझीच शरम वाटली. विचारायला हवं होतं.

सावकाश, ताकद न लावता करून दाखवा म्हटलं. भिंतीला हात धरून दोन पावलं घेतली आणि डावा पाय रोवला. उजवा बाजूनं गोल फिरून पुढे आला. ही फील्ड गोलची किक, किकरचं काम: जमिनीवर धरलेला चेंडू दोन खांबांमधून मारायचा. मग टॉवेलची गुंडाळी हातातून सोडून पंट, म्हणजे चेंडू लांब समोरच्या टीमकडे मारणं, पंटरचं काम: उजवा पाय सरळ वर, पण खाली परत डावाच. फास्ट बोलरचा पुढचा पाय ज्यांनी पाहिलाय त्यांच्या लगेच लक्षात येईल. फील्ड गोलला चेंडू मागे फेकल्यापासून किक बसेपर्यंत जेमतेम १.३ सेकंद, खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट. तेवढ्यासाठी हा पाय वर्षानुवर्षं आपटला होता.

टीममध्ये किकर एक, पंटर एक. याला दोन्ही जमायचं, म्हणून ऑगस्टच्या सराव शिबिराला बोलावायचे, मुख्य खेळाडूंच्या पायांना आराम मिळावा म्हणून. शिबिर संपलं की घरी. रविवारी कुठं कुणाची किक हुकली की मंगळवारच्या ट्रायआउटसाठी, म्हणजे निवड चाचणीसाठी, फोन. खऱ्या मॅचेस मिळाल्या चार.

मग इतकी वर्षं का टिकलात, मी विचारलं.

२७ जानेवारी १९९१. टँपातल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, बफेलोचा किकर स्कॉट नॉरवूड याची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि बफेलो २०-१९ हरलं. दुसऱ्या दिवशी बफेलोतल्या नायगरा स्क्वेअर चौकात हजारो लोक जमले आणि नॉरवूडच्याच नावाचा घोष केला. माझा पेशंट तेव्हा सात वर्षांचा, त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर.

"ज्याची किक चुकली त्यालाच बोलावत होते लोक," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. या गावावर माझा जीव आहे तो अशा गोष्टींमुळे.

शेवटी डोळे मिटून डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं. चार सेकंदांत तोल गेला; मी सावरलं. चार्टवर चार लिहिलं. सहा आठवड्यांनी तिथं एकोणीस होतं, आणि पार्किंगमधल्या बर्फातून तो काठी काखेत धरून गाडीपर्यंत गेला.