कूलर सुरू व्हायच्या आत: घरातल्या कॅसेट आणि फोटो संगणकावर घेण्याचा माझा अनुभव

११ व्हीएचएस कॅसेट, ४ मिनीडीव्ही (कॅमेऱ्यात बसणाऱ्या छोट्या डिजिटल कॅसेट), ९ व्हीसीडी (व्हिडिओच्या सीडी) आणि साधारण १३०० फोटो, एवढा ऐवज मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संगणकावर घेतला. महिने मुद्दाम निवडले. नागपुरात होळी झाली की कूलर लागतो आणि तो बंद होईपर्यंत पाऊस आलेला असतो. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने आलमारीत दमट हवा शिरत राहते. मे महिन्यातल्या ४५ अंशांत रंग लवकर उडतात हे खरंच, पण कॅसेटवर बुरशी धरते ती ओलाव्याने. थंडीतली कोरडी हवा या कामाला सगळ्यात चांगली. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात दव ओळखणारा सेन्सर असतो; थंड कॅमेरा दमट खोलीत आणला की 'ड्यू' असा इशारा येतो आणि टेप फिरतच नाही. अशा वेळी तासभर थांबावं, जबरदस्ती करू नये.

आधी कॅसेट, मग फोटो, हा क्रम मी शेवटपर्यंत मोडला नाही. फोटो नुसत्या डोळ्यांना दिसतो, कॅसेटला यंत्र लागतं, आणि ती यंत्रं संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं; ती शेवटची होती. आज मिळेल तो व्हीसीआर जुनाच. त्याचा रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि पिंच रोलर, म्हणजे फीत ओढणारं रबरी चाक, कडक. विकत घेताना न लागणारी एखादी फालतू कॅसेट सोबत न्यावी आणि ती पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून बघावी. फीत चुरगळत असेल तर तो व्हीसीआर घेऊ नये.

कॅसेट लावण्याआधी दोन गोष्टी. पहिली, मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडून टाकायची. ती नसली की त्या कॅसेटवर चुकूनही रेकॉर्डिंग होत नाही. त्या जागी कुणी सेलोटेप लावून भोक बुजवलं असेल तर ती टेप काढायची. दुसरी, कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेकडे बघायचं. पांढरी भुकटी किंवा जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट लावली तर हेड, म्हणजे व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग, भरतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागते.

माझ्या तीन कॅसेट अशा निघाल्या. त्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत तीन आठवडे ठेवल्या. ओली बुरशी पुसायला गेलं की फितीवर पसरते, पूर्ण वाळली की भुकटी होऊन सुटते. मग तोंडाला मास्क लावून गच्चीवर मऊ ब्रशने झटकल्या. पापड-कुरड्यांसारख्या उन्हात मात्र घालू नयेत, फीत आकसते आणि कायमची वाकडी होते. एका कॅसेटचं प्लास्टिकच तडकलं होतं. खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. उघडताना फितीच्या मार्गाचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर परत बसवताना गोंधळ होतो. तुटलेली फीत जोडायला साधी सेलोटेप कधीच वापरू नये, तिचा डिंक उष्णतेने पाझरतो आणि हेडवर चिकटतो. त्यासाठी स्प्लायसिंग टेप, म्हणजे फीत जोडायची खास टेपच लागते.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय या मऊ चामड्याचा तुकडा. चामडं ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाला, हलकं टेकवून धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रमच फिरवायचा. खाली-वर घासलं की हेडचं टोक तुटतं. कापसाची काडी नको, तिचे तंतू अडकतात.

आता मुख्य काम. पहिली कॅसेट मी बाहेरून करून घेतली होती. हातात आलेली फाइल ६४०×४८०, सेकंदाला ३० फ्रेमची आणि चित्र १६:९ मध्ये ताणलेलं, सगळे वऱ्हाडी जाड दिसत होते. आपल्याकडची व्हीएचएस पाल या टीव्ही पद्धतीची: ५७६ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम, चित्र ४:३. पंचवीसच्या तीस केल्या की माणसं झटके देत चालतात. दुकानात द्यायचंच असेल तर आधी सांगावं: ७२०×५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन भागांतलं चित्र, फितीवर असतं तसंच), पुन्हा कॉम्प्रेस न केलेली फाइल, माझ्याच हार्ड डिस्कवर. हे ऐकून दुकानदार गोंधळला तर कॅसेट परत घ्यावी.

घरी करताना स्वस्त यूएसबी कॅप्चर कार्डाने मला एकाच गोष्टीचा त्रास दिला. अर्ध्या तासानंतर आवाज चित्राच्या मागे पडायचा, मंगलाष्टकं चालू आणि ओठ बंद. कारण असं की जुन्या फितीचा सिग्नल थरथरतो, कार्डाला फ्रेम सापडत नाही, ते ती गाळतं, आणि आवाज मात्र सलग चालू राहतो. उपाय मधल्या यंत्राचा. माझ्या मिनीडीव्ही कॅमेऱ्याला एव्ही इन (बाहेरचं चित्र-आवाज आत घेणारी जोडणी) होतं, म्हणून व्हीसीआर ते कॅमेरा आणि कॅमेऱ्यातून फायरवायर या केबलने संगणक अशी जोडणी केली. कॅमेरा सिग्नल सावरतो आणि आवाज-चित्र एकत्र बांधूनच पुढे पाठवतो. प्रत्येक कॅमेऱ्यात ही सोय नसते. जुना डीव्हीडी रेकॉर्डरही मध्ये चालतो. अशा फाइलला तासाला १३ जीबी लागतात. डिस्कचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीवर फाइल अडते, एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्यावी. चित्राच्या तळाशी दिसणारी फडफडती पट्टी दोष नव्हे, हेड बदलतानाची खूण आहे. टीव्ही ती लपवायचा. मूळ फाइलमध्ये ती तशीच राहू द्यावी. नातेवाइकांसाठीची प्रत वेगळी काढायची, डीइंटरलेस करून (एकाआड एक ओळींची पूर्ण चित्रं बनवून) ५० फ्रेमची, तासाला दोन-तीन जीबी. २५ फ्रेमवर आणली तर हालचाल खडबडीत होते.

व्हीसीडीवरची 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डीएटी फाइल म्हणजेच व्हिडिओ. ती एमपीईजीमध्ये तशीच काढावी, पुन्हा रूपांतर करू नये. मुळात चित्र ३५२×२८८ एवढंच आहे, आणखी गमावायला काही नाही. व्हीसीडीच्या व्हिडिओला डेटा सीडीसारखी चूक-दुरुस्तीची जास्तीची जोड नसते, म्हणून थोड्या ओरखड्यानेही साधी कॉपी मध्येच थांबते. आयसोबस्टरसारख्या खराब सीडी वाचणाऱ्या प्रोग्रामने आणि वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून बघावं. माझी एक सीडी तिसऱ्या ड्राइव्हमध्ये पूर्ण निघाली.

फोटोंचं काम सोपं, पण लांबलचक. पारदर्शक चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोखालून करवतीसारखा सरकवला की तो सुटतो. न सुटला तर पानासकट स्कॅन करावं. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो कधीही सोलू नये, काचेसकट स्कॅन होतो. त्यासाठी सीसीडी सेन्सरचा स्कॅनर हवा. पातळ सीआयएस स्कॅनरमध्ये काचेपलीकडचं धूसर येतं.

प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). ४×६ इंचाचा फोटो २४००×३६०० पिक्सेलचा होतो, टिफ फाइल सुमारे २६ एमबी. ३५ मिमी निगेटिव्ह असेल तर प्रिंट सोडून तीच घ्यावी, किमान २४०० डीपीआयवर. कृष्णधवल निगेटिव्हला धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवावी, चांदीचे कण तिला धूळच वाटतात आणि चेहरे खराब होतात. शार्पन, रंगसुधार हे पर्यायही बंद. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लाल पडतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो. ती दुरुस्ती नंतर, प्रतीवर करावी. जाळीदार पोताच्या कागदावरचा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करून दोन्ही जुळवले की पोत बराच कमी होतो. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करावी. तासाला मला ३० ते ४० फोटो जमले.

खरा वेळ नावांना लागला, आणि तो द्यायलाच हवा. ए-४ कागदावर बारा-बारा छोटे फोटो मोठ्या क्रमांकांसह छापले, ते आत्याबाईंसमोर ठेवले आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. क्रमांक म्हणायचा, मग नावं. नातं लिहून भागत नाही: माझी आत्या दुसऱ्या कुणाची काकू असते, म्हणून पूर्ण नाव, बायकांचं माहेरचं नावही. वर्ष आठवत नसेल तर फोटोच सांगतो. स्कूटरवर एमएच ३१ असेल तर तो १९८९ नंतरचा. दीक्षाभूमीच्या स्तूपाचं लोकार्पण डिसेंबर २००१ मधलं, मागे त्याचं बांधकाम अर्धवट दिसत असेल तर फोटो त्याआधीचा. कोपऱ्यात छापलेल्या तारखेवर मात्र विसंबू नये, कॅमेऱ्याचं घड्याळ क्वचितच बरोबर लावलेलं असायचं.

फाइलचं नाव साधं: 1987-05-sakshagandh-012, म्हणजे रोमन अक्षरांत, कारण जुने टीव्ही देवनागरी नावांवर अडतात. नावं आणि गाव मात्र देवनागरीतच, एक्झिफटूल या प्रोग्रामने फाइलच्या आतच साठणाऱ्या एक्सएमपी वर्णनात. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन मूळ फाइलमध्ये शिरत नाही, बाहेर काढताना ते वेगळ्या जेसन फाइलमध्ये येतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की आकार कमी होतो आणि ही माहितीही गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. पुण्याच्या भावाला आणि अमेरिकेतल्या पुतणीला मी दोन्ही दिलं: बघायला छोटी प्रत आणि जपायला पूर्ण हार्ड डिस्क.

तीन प्रती आहेत, त्यातली एक नागपूरबाहेर. पेनड्राइव्ह मोजत नाही. डिस्क दर दिवाळीत लावून मी चेकसम, म्हणजे फाइल बिघडली का ते सांगणारा आकडा, तपासते. मूळ फोटो पीव्हीसीच्या वास येणाऱ्या पाकिटांतून काढून पॉलीप्रोपिलीनच्या पाकिटांत घातले आणि डांबरगोळ्या काढून टाकल्या. कॅसेट उभ्या, पूर्ण मागे फिरवून, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या आलमारीच्या मधल्या कप्प्यात ठेवल्या आहेत. त्या खोलीत कूलर लावत नाही.